क्रँकची लांबी

मास्तरांच्या हॉलमध्ये चाचणीच्या दिवशी प्रत्येकाला एक वाक्य बोलावं लागे.

सायकलच्या दुकानामागे तो लांबट हॉल होता. पूर्वी तिथे टायरांचा साठा असे, आणि कितीही वेळा फरशी धुतली तरी रबराचा वास भिंतींनी सोडला नव्हता. सात सायकली एका रांगेत उभ्या असत. मागची चाकं काढून त्या जागी जड लोखंडी स्टँड बसवलेले, त्यामुळे कितीही पेडल मारलं तरी माणूस जागचा हलायचा नाही. स्वार सगळे साठीच्या पुढचे. मास्तर एके काळी शर्यतीत उतरलेले, आता स्वतःच साठीकडे झुकलेले. तरुणांना पिदडतात तसं या मंडळींना पिदडायचं नाही, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. जोराचा एक दिवस, मग हलके दोन दिवस. जोर लावायचा तो थोडा वेळ, आणि मग तेवढीच विश्रांती. चाचणीसुद्धा दम तोडणारी नसे. वीस मिनिटं एकसारखं चालवायचं, आणि मास्तर समोर येऊन उभे राहिले की आपलं ठरलेलं वाक्य एका श्वासात म्हणून दाखवायचं. वाक्य मध्येच तुटलं की मास्तर भार उतरवत. न तुटता जितक्या वॅटला चाचणी पार पडली, तो त्या माणसाचा आकडा. बोलता आकडा, असं सगळे म्हणत.

वाक्य ज्याने त्याने निवडलेलं. पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई एक भलामोठा पत्ता म्हणत. दातांचे डॉक्टर म्हणत, "तोंड उघडा, अजून उघडा, दुखलं तर हात वर करा, पण माझा हात धरू नका." आणि लिफ्टवाले, म्हणजे लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म घालवलेले गृहस्थ, म्हणत, "एकविसाव्या मजल्यावर लिफ्ट अडकली आहे, आत सहा माणसं आणि एक कुत्रा आहे, घाबरू नका, मी येतोय." हे वाक्य त्यांनी एकदा खरोखर फोनवरून कोणाला तरी सांगितलं होतं. दार उघडल्यावर तोच कुत्रा त्यांना चावला होता.

दातांचे डॉक्टर त्यांना डिवचत, की जन्मभर जिना चढायची वेळ आली नाही, ते आता इथे भरून काढताय. त्यावर लिफ्टवाले म्हणत, तुम्ही जन्मभर समोरच्याला बोलू दिलं नाहीत, म्हणून तुमचं वाक्य एवढं लांब.

भिंतीलगतच्या बाकावर लिफ्टवाल्यांची बायको बसलेली असे. गुडघे झिजल्यामुळे तिला सायकल वर्ज्य होती, पण हॉलमध्ये तिच्यावाचून पान हलत नसे. तिची सगळी नोकरी मोजमापाची उपकरणं तपासण्यात गेली होती. वजनकाटे, दाबमापकं, तापमापकं तिच्या टेबलावर येत आणि ती खरी की खोटी हे ती ठरवी. मास्तरांना हे कळलं तसं त्यांनी तिला लगेच कामाला जुंपलं. सायकलींच्या पेडलमध्ये पायाचा जोर मोजणारी यंत्रं होती. सुरुवातीला ती शून्यावर आणून घ्यावी लागत, नाहीतर आकडे भरकटत. ती एकेका सायकलपाशी जाई, ज्याच्या त्याच्या फोनवर शून्य लावून देई आणि "हं, बसा" म्हणे. तिने हं म्हटल्याशिवाय कोणी टांग टाकत नसे. आकड्यावरून कुरबूर झाली की मास्तर बाकाकडे बोट दाखवत. मापवाल्या बाईंनी पाहिलंय ना, मग विषय संपला.

नवरा या हॉलमध्ये आला त्याच्या आधीचं वर्ष तिला आठवायलाही नको वाटे. निवृत्तीनंतर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला होता. एवढा बोलका माणूस, दिवसभरात हो आणि नको यांच्या पलीकडे जाईना. दाढी वाढली, फोन वाजून वाजून बंद पडे. लेक दुसऱ्या गावाहून आली, आधी चिडली, मग रडली आणि परत गेली. त्यातच एका तपासणीत त्याच्या हृदयाची एक झडप अरुंद होत चालल्याचं निघालं. डॉक्टरांनी त्याला त्याच्याच भाषेत समजावलं. दार पूर्ण उघडत नाहीये, पण अजून ये-जा चालू आहे, लक्ष ठेवायला हवं, आणि मोजूनमापून केलेला व्यायाम चालेल, नव्हे, कराच. यात देखभाल करण्याजोगं काहीतरी होतं, म्हणूनच बहुधा तो उठला. मास्तरांकडे जाऊ लागला आणि हळूहळू माणसात आला. दाढी करू लागला, शेजाऱ्यांशी भांडू लागला. त्याचा बोलता आकडा एकशे वीसपर्यंत गेला. सत्तरीला टेकलेल्या माणसाला तो चांगलाच होता. घराच्या दारावर तेवढा आकडा लिहायचा बाकी होता.

मग एका हिवाळ्यात चाचणीच्या वेळी त्याचं वाक्य कुत्र्यापाशी तुटलं.

मास्तरांनी भार उतरवला. एकशे चौदा. दातांचे डॉक्टर म्हणाले, कुत्रा आतच राहिला की हो. सगळे हसले, तोही हसला. घरी आल्यावर मात्र कपडे न बदलता भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. पुढच्या खेपेला म्हणाला, पाय दुखतोय. त्याच्या पुढच्या खेपेला नुसता पडून राहिला. ते वर्ष दाराबाहेर येऊन उभं राहिलंय, असं बायकोला वाटलं.

पेडल काय मोजतं, तर पाय किती जोराने दाबतो, एवढंच. ते ज्या दांड्याच्या टोकाला बसवलेलं असतं त्याला क्रँक म्हणतात. क्रँकची लांबी पेडलला आपोआप कळत नाही, ती आपण फोनमध्ये भरून द्यायची. दांडा जितका लांब, तितके त्याच दाबाचे वॅट जास्त, सरळ गुणाकार आहे. नवऱ्याच्या सायकलचा क्रँक एकशे सत्तर मिलिमीटरचा होता. तिने फोनमध्ये एकशे एकोणऐंशी केला.

विचारणारं कोणी नव्हतं. "फोनचं तूच बघ गं," असं त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. तिच्या हाताखालच्या कोणी असं केलं असतं तर तिने त्याला दुसऱ्या दिवशी टेबलाजवळ उभं केलं नसतं. इथे तिने आकडा भरून फोन त्याच्या जागी ठेवून दिला. एका मोजणीवरून निष्कर्ष काढायचा नाही, हा तिचा जन्माचा नियम, तो या वेळी तिला सोयीचा पडला. सर्दी असेल. वय आहे, दर वर्षी थोडी घट होणारच. तेवढी घट त्याच्या डोळ्यांआड केली, म्हणजे त्यात बिघडलं काय?

स्टँड पेडलचं ऐकून भार कमी-जास्त करी. पेडल फुगवून सांगू लागलं तसा स्टँडने भार सैल सोडला. पुढच्या चाचणीत कुत्र्यासकट सगळे सुखरूप बाहेर आले. एकशे वीस. घरी येताना नवरा रस्त्याने गुणगुणत होता आणि तिचा जीव भांड्यात पडला होता. त्याच्या पुढच्या चाचणीच्या आदल्या दिवशी तिने त्याचा श्वास कान देऊन ऐकला आणि क्रँक आणखी थोडा वाढवला. मग आणखी थोडा. नाडीवरून एखाद्याला संशय आला असता, पण रक्तदाबाच्या गोळीने त्याची नाडी दाबून धरलेली होती, ती चढतच नसे. म्हणून मास्तर त्याच्या नाडीकडे बघत नसत. ते वॅट बघत, आणि वॅट तिच्या हातात होते. उन्हाळा आला तेव्हा फोनमधला क्रँक दोनशे चार मिलिमीटरचा झाला होता. एवढा लांब क्रँक कुठल्याच दुकानात मिळत नाही.

उन्हाळ्यात तो हृदयाच्या डॉक्टरांकडे गेला. ती बरोबर होती, पण नेहमीसारखी बाहेरच्या खुर्चीवर. तिला आत घ्यायला तो कधीच तयार नसे. तू आत आलीस की तेच तुझ्याशी बोलतात आणि मी आपला सामानासारखा मधे ठेवलेला असतो, असं त्याचं म्हणणं. या वेळी तो बाहेर आला तो हसतच. औषधांच्या दुकानासमोरच्या रांगेत उभ्या उभ्या त्याने तिला सगळं सांगितलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, आवाज जरा वाढलाय म्हणाले. ऑपरेशनचा विचार करावा का, असंही म्हणाले. मग त्यांनी विचारलं, आकडा काय म्हणतो? त्याने फोन काढून दाखवला. हिवाळ्यातला एक खड्डा सोडला तर रेघ सपाट. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, ताकद घटलेली नाही म्हणजे हृदयाला अजून झेपतंय, मग उगाच कशाला छाती उघडायची, सहा महिन्यांनी या.

"ते आकडा बघतात?" तिने विचारलं.

"बघतात म्हणजे? पहिल्या दिवसापासून. नाडीवर जाता येत नाही ना माझ्या. आकडा खाली आला की धावत या, असंच सांगून ठेवलंय त्यांनी." मग तो पुढे सरकला आणि दुकानदाराला म्हणाला, "ही गोळी द्या, पण एक पट्टी कमी द्या, मी अजून बराच धडधाकट आहे."

दुकानदार हसला. तिने पिशवी धरली होती, ती धरून राहिली.

तेव्हाच, त्या रांगेत, तिने सांगायला हवं होतं. हे तिला तेव्हाही समजत होतं. पण तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वर्षभर भिंतीकडे फिरवलेला तो चेहरा अखेर माणसांकडे वळला होता.

घरी आल्यावर तिने मार्ग काढला. नोकरीत एखादं उपकरण फार चुकीचं दाखवत असलं तर ते एका झटक्यात न फिरवता टप्प्याटप्प्याने खऱ्यावर आणायची तिची पद्धत होती. तसंच करायचं. दर आठवड्याला क्रँक दोन-तीन मिलिमीटरने कमी करायचा. आकडा हळूहळू उतरेल, तो त्यालाच दिसेल, तोच डॉक्टरांकडे जाईल. कोणाला काही सांगावं लागणार नाही आणि वेळही फार जाणार नाही. हिशेबात एकही चूक नव्हती. फक्त नवरा काही उपकरण नव्हता.

आकडा उतरू लागला तसा तो इरेला पेटला. डॉक्टरांनी पाठ थोपटलेला आकडा, तो असा जाऊ देतोय होय. हलक्या दिवशीही तो जोर लावू लागला. मास्तर रागावले तर हसण्यावारी नेई. वाक्याचीही त्याने युक्ती काढली. मास्तर दोन सायकली अलीकडे असतानाच तो छाती भरून श्वास घेऊन ठेवी आणि ते समोर आले की वाक्य धडाधडा म्हणून टाकी. पोस्टाच्या बाईंनी हे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, कॉपी करताय तुम्ही. तो म्हणाला, शाळेतही तुमच्यासारखीच एक होती, बाईंना जाऊन सांगायची. सगळे हसले. बाकावर बसलेली ती हसली नाही. आकडा पुन्हा एकशे वीसवर आला होता, आणि क्रँक मात्र कमी झालेला. म्हणजे तो आता खरोखरच जास्त जोर लावत होता.

जिन्यात तो बुटाची नाडी बांधायला थांबू लागला. एकदा नळांच्या दुकानाच्या काचेसमोर उभा राहिला आणि बराच वेळ नळ बघत राहिला. घरचा एकही नळ गळत नव्हता. पुढच्या आठवड्यात नक्की सांगू, असं तिने ठरवलं. पुढच्या आठवड्यात क्रँक तेवढा आणखी कमी केला.

महिना उलटला आणि पुन्हा चाचणीचा दिवस आला. हॉलचे पंखे जोरात होते तरी उकडत होतं. तिने सातही सायकलींचं शून्य लावलं आणि सातही जणांना हं म्हटलं. नवऱ्याच्या फोनमध्ये तेव्हा एकशे ब्याण्णव होते. निम्मा वेळ झाला तशी त्याच्या मानेची शीर फुगलेली तिला बाकावरून दिसली. मास्तर पोस्टाच्या बाईंचा पत्ता ऐकून त्याच्यासमोर आले.

"एकविसाव्या मजल्यावर लिफ्ट अडकली आहे, आत सहा..."

तो तिथेच थांबला. जणू पुढचं आठवत नाहीये, असं त्याने मास्तरांकडे पाहिलं. मग तो हँडलवर झुकला आणि झुकतच राहिला. मास्तरांनी दोन्ही हातांनी त्याला धरलं म्हणून तो खाली पडला नाही. पाय पेडलला अडकलेले होते. स्टँडमधलं जड चाक आपल्या वेगाने फिरत होतं आणि त्याचे निर्जीव पाय त्याच्याबरोबर फिरत होते. दातांच्या डॉक्टरांनी उडी टाकून चाक थांबवलं.

त्याला फरशीवर झोपवून पाय वर उचलून धरले, तसे त्याने थोड्या वेळाने डोळे उघडले. भोवती वाकलेले चेहरे पाहिले आणि विचारलं, "कुठला मजला?" कोणीतरी हुंदका दिल्यासारखं हसलं.

दवाखान्यात ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होती. केस वर बांधलेले, पेन दातात धरायची सवय. मोठे डॉक्टर परगावी गेले होते. तिने रक्तदाब घेतला, हृदयाचा आलेख काढला, आणि काका-काका करत त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. सकाळी काय खाल्लं? नुसता चहा. गोळी? घेतली. हॉलमध्ये उकडत होतं? भयंकर.

"आणि झडपेचं काय म्हणाले होते आमचे सर?"

आता तो उशीवर जरा वर सरकला. चेहऱ्यावर रंग परत येऊ लागला होता. म्हणाला, तुमच्या सरांनीच ठरवून दिलंय, आकडा खाली आला तर ऑपरेशन, नाही आला तर नाही. आला नाही. बायकोकडे हात करून त्याने फोन मागितला आणि रेघ दाखवली. तरुण डॉक्टरने ती बोटाने पुढे-मागे सरकवून पाहिली. हिवाळ्यापासून काल-परवापर्यंत एकशे वीस, मधे थोडी घसरण, ती पुन्हा भरून निघालेली. तिने मान डोलावली. रिकामं पोट, त्यावर गोळी, त्यावर घाम, असं होतं कधी कधी. गोळी अर्धी करू. हृदयाच्या सोनोग्राफीची तारीख पुढच्या आठवड्याची देते, सर तोवर येतीलच. आज घरी गेलात तरी चालेल.

ती कागद ओढून लिहू लागली.

"तो आकडा खोटा आहे," बायको म्हणाली.

तिचा आवाज इतका नेहमीचा होता की दोघांनीही आधी मनावर घेतलं नाही. नवरा डॉक्टरला म्हणाला, "हिला सगळीच मापं खोटी वाटतात. पगारच त्याचा मिळायचा."

"हे माप खोटं आहे. मी केलंय ते."

मग तिने सांगितलं. सरळ, क्रमाने, अहवाल वाचून दाखवावा तसं. क्रँकची खरी लांबी किती, तिने हिवाळ्यात किती भरली, उन्हाळ्यात किती. हिवाळ्याआधीचा आकडा एकशे वीस, तो खरा. उन्हाळ्यातला खरा आकडा शंभर. गेला महिनाभर ती माप हळूहळू खऱ्यावर आणत होती, त्यामुळे दिसणारा आकडा टिकवायला त्यांना जास्त जोर लावावा लागला. आज ते एकशे सहावर चालवत होते. पडले ते त्यामुळे, चहामुळे नव्हे.

तरुण डॉक्टरने दातातलं पेन काढून टेबलावर ठेवलं. तिने आणखी एकच प्रश्न विचारला, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत एवढी घट झाली, हे नक्की का? नक्की, बायको म्हणाली. तशी ती उठून भिंतीवरच्या फोनकडे गेली आणि सोनोग्राफी आत्ताच्या आत्ता हवी, असं कोणाला तरी ठासून सांगू लागली.

पलंगापाशी दोघंच उरली. तो छताकडे बघत होता.

"त्यांना मी तुझ्या भरवशावर आकडा दाखवत होतो."

"मला माहीत नव्हतं ते त्याच्यावर ठरवताहेत. तुम्ही मला आत येऊ देत नव्हतात."

"बरं. आणि कळल्यावर?"

तुम्ही हसत होतात म्हणून, हे उत्तर त्या खोलीत, त्या नळ्यांच्या आणि पडद्यांच्या मधे कुठे ठेवणार? तिने त्याच्या पायांवरची चादर सारखी केली. त्याने पाय जवळ ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले. त्यांनी पडद्यावर दाखवलं. दार म्हणावं असं काही उरलंच नव्हतं, नुसती फट होती. त्यातही वाईट म्हणजे, त्या फटीतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकून सैल पडलं होतं. झडप बदलता येईल, ते म्हणाले, थकलेलं हृदय बदलून मिळत नाही. हिवाळ्यातच समजतं तर गोष्ट वेगळी होती. मग त्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, की आकड्याचं एवढं कसं काय चुकलं?

"पेडल बिघडलं होतं," नवरा म्हणाला.

तरुण डॉक्टर त्यांच्यामागेच उभी होती. तिने हातातल्या कागदांकडे बघितलं आणि एक पान उलटलं.

लेकीलाही त्याने तेच सांगितलं. मास्तर भेटायला आले तेव्हाही तेच. मास्तर बिचारे खुर्चीच्या कडेवर बसून हात चोळत राहिले. जाताना दारापाशी त्यांना राहवलं नाही. म्हणाले, बाई, तुमच्या हातून हे निसटलं कसं? तिने तोंड उघडलं, पण आधी नवराच बोलला. होतं असं, तो म्हणाला, सोडा. तिला वाटलं, ही माफी असावी. पुढे बऱ्याच दिवसांनी तिला उमगलं की तो विषय त्याला तिच्याबरोबर वाटून घ्यायचा नव्हता, तिरस्कारातसुद्धा नाही.

झडप बदलली. छातीवरची शिवण भरून आली. हृदय मात्र डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सैल ते सैलच राहिलं. मास्तरांनी एकदा त्याला हॉलमध्ये नेऊन अगदी हलक्या भारावर बसवलं. शून्य त्यांनी स्वतःच लावलं, सगळ्यांचंच. आता ते तसंच करू लागले होते. बाई, तुम्ही बसा, तुमचे गुडघे दुखतात, असं म्हणून त्यांनी तिला बाकावर बसवलं. वाक्य म्हणायला कोणी सांगितलं नाही. थोड्या वेळाने तो उतरला, पुन्हा तिथे गेला नाही, आणि ती तरी एकटी कशाला जाणार?

तो भिंतीकडे तोंड करून मात्र पडला नाही. ज्याची तिला भीती वाटत होती, ते झालंच नाही. तो खुर्चीत बसतो, पेपर वाचतो, लेकीशी फोनवर बोलतो, दूधवाल्याची टिंगल करतो. तिच्याशी लागेल तेवढं बोलतो, आवाज न चढवता. मीठ कमी आहे. दार लाव. लेक येतेय शनिवारी.

सकाळी उठल्यावर त्याचं वजन बघायचं, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. हृदय थकलेलं असलं की अंगात पाणी साठतं आणि ते आधी वजनात दिसतं. वजन चढलं की फोन करायचा, वाट बघायची नाही. तिने नवा काटा आणला. न्हाणीघराच्या दाराशी, जिथे फरशी सपाट आहे तिथे ठेवला. पहिल्या दिवशी वाण्याकडची पाच-पाच किलोच्या सीलबंद पिशव्या त्याच्यावर ठेवून तो तपासला, मुद्दाम नवऱ्यासमोर, त्याला दिसेल असा.

"बरोबर आहे काटा," ती म्हणाली.

"असेल."

तो भिंतीला हात टेकवून काट्यावर चढतो. डोकं खाली घालून वाकायचं नाही, असं त्याला सांगितलं आहे, वाकलं की चक्कर येते. म्हणून ती चष्मा लावून शेजारी उभी असते. आकडा तिला स्पष्ट दिसतो. पहिल्या सकाळी तिने तो वाचायला तोंड उघडलं होतं.

"सरक जरा," तो म्हणाला.

ती सरकली. त्याने दोन्ही हात भिंतीला लावले आणि हळूहळू, अर्ध्यात एकदा थांबून, श्वास घेऊन, तो खाली वाकला. नाक जवळजवळ गुडघ्यापर्यंत नेऊन त्याने काट्याकडे पाहिलं, डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं, आणि तसाच हळूहळू वर आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. ती हात पुढे करणार होती, पण भिंत त्याने घट्ट धरलेली होती.

"बहात्तर," तो म्हणाला.

तिलाही बहात्तरच दिसले होते. रोज सकाळी आता असंच चालतं.